मंग तुमच्या मागं कोण यील

९ नोव्हेंबर, रविवार

आले एकदाची! परतूरहून एसटीनं वाटूर, तिथून काळीपिवळीत अकरा माणसांत बारावी होऊन गावाच्या फाट्यावर. उतरले तर पाच-सहा मुली वाट बघत उभ्या. कुणी माझी पेटी उचलली, कुणी वळकटी. एकीनं नुसती पाण्याची बाटली घेतली आणि सगळ्यांच्या पुढं पळत सुटली. एकतीस वर्षांत माझं असं स्वागत कुणी केलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

वसतिगृह म्हणजे सोसायटीचं जुनं खताचं गोदाम. रंग नवा आहे, पण भिंतीजवळ बसलं की अजून युरियाचा वास येतो. एक मोठा हॉल, त्यात मुलींच्या गाद्या. दाराजवळ पत्र्याचा आडोसा करून काढलेली माझी खोली. मागं स्वयंपाकघर आणि मोरी, म्हणजे रात्री कुणाला उठावं लागलं तरी बाहेर जायला नको. बाहेरचं दार लोखंडी, कडी अगदी वर. मलाही टाचा उचलाव्या लागतात. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत अशा सतरा मुली इथं राहणार. आईबाप मार्चमध्ये परत येतील. तोवर त्यांची आई तुम्हीच, असं संस्थेचे सचिव ओमप्रकाश सर म्हणाले.

स्वयंपाकाला गिरिजाबाई आहेत. सकाळी सहाला येतात, संध्याकाळी सातला घरी जातात. रात्री मी एकटीच; वॉचमनचं पद मंजूर नाही. आल्या आल्या त्यांनी गरम भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. जेवण झाल्यावर मागची बाजू दाखवली. कचरू नावाच्या शेतकऱ्याची मोसंबीची बाग आहे, बागेच्या कडेला मोठं शेततळं. काळ्या प्लास्टिकचं अस्तर, काठोकाठ पाणी. एका बाजूचं तारेचं कुंपण पडलंय. तिकडं पोरींना फिरकू देऊ नका, असं गिरिजाबाईंनी दोनदा बजावलं. प्लास्टिकवर शेवाळ धरतं, पाय टेकत नाही. मागच्या साली एक वासरू पडलं, पोहत होतं, तरी वर येऊ शकलं नाही.

सरांना कुंपणाचं सांगितलं. त्यांनी डायरीत टिपून घेतलं.

आज छान झोप लागेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज शेवटची मुलगी आली. छकुली. तिसरीत आहे, पण दिसते पहिलीतल्यासारखी. तिच्या आईबापाची ऊसतोडीची टोळी उशिरा निघाली. ट्रक फाट्यावर चालूच ठेवला होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि तिची आई, दैवशाला, पोरीचं बोचकं माझ्या हातात देऊन घाईघाईनं सांगत होती. पोरगी झोपेत चालते. भ्यायचं काम नाही. दिसली तर ओरडायचं नाही, हलवायचं नाही. हलक्या हातानं धरायचं, वळवायचं आणि आणून निजवायचं. “ओरडलं की जीव उडून जातो बघा म्याडम,” एवढं ती ट्रकच्या पायरीवर चढता चढता म्हणाली.

मी म्हटलं, काळजी करू नका. मला कळतं.

छकुलीनं आईला हात केला नाही. ट्रक वळणाआड गेल्यावर मात्र माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि वसतिगृहापर्यंत सोडलं नाही. तिची गादी माझ्या खोलीच्या तोंडाशी घातली आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज पहाटे गंमत झाली. गिरिजाबाईंनी हाक मारली म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर फरशीवर अठरा ताटं ओळीनं मांडलेली. प्रत्येक ताटात मूठभर कच्चे तांदूळ, वाटीत पाणी. ओळ अशी सरळ की दोरी धरून मांडल्यासारखी. मुली हसून हसून लोळल्या. सातवीतली रूपाली सगळ्यांत मोठी. तिनं जाहीर केलं की हे छकुलीचंच काम, झोपेत जेवणावळ घातली पोरीनं.

छकुली हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली, बराच वेळ. मग मान खाली घातली.

मी तांदूळ निवडून परत डब्यात भरले. कुणाला ओरडले नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचं हसण्यासारखं नव्हतं. रूपाली सकाळी उठायला गेली तर शेजारची पोरगी किंचाळली. रात्री दोघींच्या वेण्या सोडून, दोघींचे केस एकत्र करून एकच वेणी घातलेली. इतकी घट्ट की उकलायला अर्धा तास लागला, शेवटी रूपालीचे थोडे केस कापावे लागले. ती खूप रडली.

सगळ्यांनी छकुलीला घेरलं. मला बोलावंच लागलं. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, हे तू केलंस का? तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “मी असंन म्याडम.”

मी तिला कोपऱ्यात उभं केलं. अर्धा तास. शाळेच्या बाईंचा निरोपही आज आला, छकुली वर्गात सारखी पेंगते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बाहेरचं दार उघडं होतं. नुसतं लोटलेलं. कडी काढलेली.

मी मुलींना सांगितलं की छकुलीनं पेटीवर चढून कडी काढली असणार. मुलींना ते पटलं. पेट्या सगळ्या जागच्या जागी होत्या, हे मी पाहिलं होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गिरिजाबाईंनी सरांना सांगितलं. सर आले. दार उघडं राहिलं आणि उद्या काही झालं तर संस्था बंद पडेल, असं ते म्हणाले. पोरीला आईबापाकडं पाठवून द्या. म्हणजे कर्नाटकात, उसाच्या फडात. म्हणजे शाळा संपली. मी म्हटलं, मी बघते, मला उपाय माहीत आहे. रात्री तिचा पाय कॉटला बांधून ठेवते.

सर म्हणाले, बराबर, तुम्ही जबाबदारीच्या आहात.

हॉलच्या कोपऱ्यात पडून असलेली एक जुनी कॉट माझ्या खोलीच्या तोंडाशी ओढून घेतली. जुन्या सुती साडीची पट्टी फाडली. घोट्याला दोन वेढे, मग कॉटच्या पायाला गाठ. माझे हात हे काम भराभर करत होते. छकुलीनं पाय स्वतःच पुढं केला. विचारलं फक्त एवढंच, की रोज बांधणार का.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आता लिहितेच. या वहीतसुद्धा खोटं लिहायचं तर मग कुठं खरं बोलू?

आज सकाळी उठले तर माझ्या गाऊनच्या काठाला कुसळं चिकटलेली. टाचांना काळी माती. गाऊन गुडघ्यापर्यंत ओला. छकुली रात्रभर बांधलेली होती, गाठ तशीच होती. गिरिजाबाई यायच्या आत मी मोरीत बसून गाऊन धुतला, पाय घासले, नखातली माती काडीनं काढली.

झोपेत मी चालते. सहा वर्षांची होते तेव्हापासून. आई माझा पाय स्वतःच्या पायाला बांधून झोपायची. ती गाठ मला तिच्याकडूनच येते. लग्नानंतर सातव्या महिन्यात सासूनं मला पहाटे स्वयंपाकघरात पाहिलं. शेगडी पेटलेली, वर काही नाही, आणि मी ज्योतीवर हात धरून उभी. नवऱ्यानं त्याच दिवशी माहेरी आणून सोडलं. त्यानंतर चार वर्षं काही झालं नाही. मला वाटलं, गेलं. नोकरीच्या फॉर्मवर विचारलं होतं, काही आजार आहे का. मी लिहिलं, नाही.

ताटं मी मांडली. वेणी मी घातली. कडी मी काढली.

आणि कोपऱ्यात उभी राहिली ती.

३० नोव्हेंबर, रविवार

काल रात्री बांधताना तिचा घोटा लाल झालेला दिसला. खोबरेल लावलं. तेव्हा ती हळूच म्हणाली की आज बांधू नका. मी विचारलं, दुखतं का? तिनं मान हलवली, दुखत नाही.

“मंग तुमच्या मागं कोण यील?”

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली, शाळेत कविता म्हणावी तसं, न थांबता. ती सगळं पाहते. मी उठले की ती उठते. कडी काढून मी बाहेर जाते, बागेतून शेततळ्याकडं. ती मागं मागं येते. गाऊनवर घेतलेल्या माझ्या ओढणीचं टोक धरते. मी पडलेल्या कुंपणापर्यंत गेले की ती टोक हळूच ओढते, मग मी वळते आणि परत येते. रोज. ती ओरडत नाही. आईनं सांगितलंय, ओरडायचं नाही. म्हणून ती शाळेत पेंगते.

मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, तुम्हाला काढून टाकलं असतं. तिच्या आईला एकदा टोळीतून काढलं होतं, तेव्हा सगळे उपाशी होते.

मी तिला जवळ घेतलं. ती अंग चोरून बसली. मग म्हणाली की अजून एक आहे. आधी मी गप चालायचे. आता बोलते. तिच्या नावानं हाक मारते, गोड आवाजात, तिच्या आईसारखी. परवा रात्री मी तिच्या कॉटपाशी बसून गाठ सोडत होते. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. गाठ लौकर सुटेना म्हणून मी एकटीच गेले.

आपण मारलेली गाठ आपल्याला सोडता येतेच.

२ डिसेंबर, मंगळवार

सरांना फोन लावला. उचलला. आवाज ऐकला आणि म्हटलं, धान्य संपत आलंय.

नोकरी गेली तर आईकडं जावं लागेल. भाऊ, भावजय, त्यांची दोन खोल्यांची जागा. पुन्हा तेच. पण ते कारण पुरेसं आहे का, हे मी कुणाला विचारू?

दाराला आता कुलूप लावलंय. किल्ली रूपालीकडं दिली. म्हटलं, कुठं ठेवलीस ते मलाही सांगू नको. का, ते तिनं विचारलं. मी म्हटलं, छकुलीसाठी.

पुन्हा तिचंच नाव.

४ डिसेंबर, गुरुवार

बोटं सुजलीत. उजव्या हाताची दोन नखं मुळापर्यंत तुटलीत. दाराचा हिरवा रंग नखांत. दाराच्या आतल्या बाजूनं ओरखडे आहेत, माझ्या खांद्याच्या उंचीला. तिथं कॅलेंडर लावलं.

रूपाली म्हणाली, रात्री स्वप्नात मॅडम येऊन किल्ली मागत होत्या. फार लाडानं. तिनं दिली नाही.

स्वप्न म्हणाली ती. मी हसले.

५ डिसेंबर, शुक्रवार

पुढच्या आठवड्यात पाहणीला लोक येणार म्हणून सर आज अचानक आले. कॅलेंडर वाकडं होतं, त्यांनी सरळ करायला उचललं. ओरखडे पाहिले. कुणी केलं, असं विचारलं. सतरा मुली ओळीनं बसलेल्या, सगळ्यांनी छकुलीकडंच बघितलं.

ओरखडे एवढ्या उंचावर, आणि ती एवढीशी. सरांनी ते पाहिलं नाही. किंवा पाहिलं, पण डोक्यात आधीच नाव ठरलेलं होतं.

सरांनी मला विचारलं, हीच ना? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात छकुली उभी राहिली आणि म्हणाली, हो सर, मीच.

ती माझ्याकडं बघत नव्हती. मला वाचवताना माझ्याकडं बघायचं नाही, एवढी समज त्या पोरीला.

मी तोंड मिटलं.

सरांनी तिथूनच तिच्या आईला फोन लावला. सोमवारी मामा येऊन तिला घेऊन जाणार. फडावर.

गिरिजाबाई म्हणाल्या, बरं झालं, जोखीम गेली. मीही तेच म्हणते आहे मनाशी. तिथं ती माझ्यापासून सुरक्षित राहील. हे खरं आहे. हे खरं आहे म्हणूनच मला ते पुन्हा पुन्हा म्हणता येतं.

७ डिसेंबर, रविवार, रात्र

तिची शेवटची रात्र. घोट्याची जखम चिघळलीय, म्हणून आज तिला बांधलं नाही. रूपालीच्या कुशीत झोपवलंय. बांधलंय मी मला. ओढणीनं, पाय कॉटला, पाच गाठी, वर पाणी ओतलं म्हणजे गाठी आवळतील. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. आजची एक काढायची. सकाळी मामा.

तिनं झोपायच्या आधी विचारलं, मी गेल्यावर तुम्ही काय करणार? मी म्हटलं, मी बरी होईन. ती म्हणाली, टोक धरायला रूपालीला सांगू का?

नको म्हटलं.

उद्या मामा आला की त्याच्यासमोर सरांना सांगणार. सगळं. शपथ. उद्या

गाठी पाहिल्या. आहेत.

पुन्हा पाहिल्या. चार. पाच मारल्या होत्या की चार—

८ डिसेंबर, सोमवार

जाग आली ती कॉटवर. कमरेपर्यंत ओली. ओढणी नाही. दार सताड. रूपालीच्या गळ्यातली किल्ली कुलपात.

मागून माणसांचा आरडाओरडा—

कचरू मोटार सुरू करायला पहाटे आले होते. शेततळ्यात काहीतरी तरंगताना दिसलं. जिवंत आहे. पाण्यात सोडलेल्या पाइपाला एका हातानं धरून होती, किती वेळ कोण जाणे. कचरूंनी दोर टाकून काढली. दुसऱ्या मुठीत माझी ओढणी. मूठ उघडेना.

सगळे म्हणाले, झोपेत चालत गेली. व्हायचं तेच झालं. मॅडमची ओढणी घेऊन गेली बघा, किती जीव होता पोरीचा. मला धरून बायका रडल्या. माझे ओले कपडे पाहिले. म्हणाल्या, मॅडम तिच्यासाठी पाण्यात उतरल्या असतील.

मी नाही म्हटलं नाही.

काय झालं ते मला माहीत आहे. मी उतरले. कमरेपर्यंत. तिनं टोक ओढलं, नेहमीसारखं. मी वळले. तिला धरूनच वर चढले असणार, तिच्या जोरावर, त्या शेवाळावरून. ती घसरली. आणि मी वळले होते, म्हणून परत आले, कॉटवर येऊन निजले, आणि ती मागं—

ती ओरडली नसणार.

अँब्युलन्समध्ये तिनं एकदा डोळे उघडले. विचारलं, “म्याडम आल्या का परत?”

गिरिजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, बघा, शुद्धीत नसताना बी तुमचंच नाव.

८ डिसेंबर, रात्र, जालना

दवाखाना. तिसरा मजला. छातीत पाणी गेलंय, पण वाचेल म्हणतात. सलाईन चालू आहे. झोपलीय. दैवशाला कर्नाटकातून निघालीय, सकाळी पोचेल. मामाला सरांनी परत पाठवलं. सोबत मी. एकटी. दुसऱ्या कुणाला ठेवायला सर तयारच नव्हते.

दोनदा उठले सांगायला. पहिल्यांदा सिस्टर फोनवर होत्या. दुसऱ्यांदा सर दारात उभे, डॉक्टरांना सांगत होते की अशी बाई मिळायला नशीब लागतं. मी परत येऊन स्टुलावर बसले.

आता तिसऱ्यांदा जाते. सिस्टरला म्हणते, मला या पोरीजवळ एकटं ठेवू नका. एवढंच. एवढं म्हटलं की झालं.

गेले. सिस्टर खाली गेल्यात, दुसऱ्या वॉर्डात. पाच मिनिटांत येतील म्हणे.

तोवर लिहायचं. लिहीत राहिलं की झोप येत नाही. चौथी रात्र.

दोन वाजले. सिस्टर नाहीत.

चिमटे काढले. दंडावर रक्त. काही वाटत नाही.

तिनं कूस बदलली. हात पलंगावरून खाली आला, चाचपतोय. झोपेतसुद्धा. टोक शोधतेय. मी ओढणी घातलेली नाही. घालणार नाही.

जिन्याचं दार उघडंच आहे. कुणी लावत का नाही.

दैवशाला आली की तिच्या पाया पडेन. सांगेन की ती कधीच चालली नाही. एकदाही नाही. मीच, मी—

मान पडली. एकदाच. क्षणभर. पेन हातातच होतं.

जागी आहे. जागी आहे मी. जागी

छकुले ऊठ आई आली खाली उभी हाय चप्पल नको घालू आवाज हुतो सुई मी काढते हळू काढते बिलकुल दुखत न्हाई हात दे ये अशी ये माझा हात ध